कोंबड्यांची हिवाळी रजा

निरोगी म्हणजे काय, डॉक्टर? जरा नीट बघा की. पंख उचलून बघितलात, डोळे बघितलेत, पोट चाचपलंत — आणि म्हणता कोंबडी ठणठणीत आहे. ठणठणीत कोंबडीची पिसं अशी गळतात? थांबा, पुरावा आणलाय. उघडा ती पिशवी. आज सकाळी परसात झाडून गोळा केलीत, एक उशी सहज भरेल. आणि हिला मागून बघा — कुणीतरी सोलायला घेतली आणि मध्येच फोन आला म्हणून सोडून दिली, अशी दिसते की नाही? वर अंड्याचा पत्ता नाही. हिचा नाही, हिच्या मैत्रिणींचाही नाही. सगळं खुराडं कसं एका विचारानं चाललंय.

दिवस लहान झाले म्हणून? असं. म्हणजे ऊन लवकर कललं की यांचं काम बंद. आणि जुनी पिसं टाकून नवी करायला घेतलीत, तोवर अंडी नाहीत — अंगातली सगळी ताकद पिसांत जाते म्हणे. दोन्ही कामं एकदम झेपत नाहीत बाईसाहेबांना. अहो, मी उभा जन्म कारखान्याच्या फाटकावर हजेरी घेण्यात घालवला. आजी मेली म्हणून रजा, मेलेली आजी परत मेली म्हणून रजा — सगळं बघितलंय. पण ‘संध्याकाळ लवकर होते, सबब कामावर येता येत नाही’ — असा अर्ज घेऊन यायची हिंमत कुणाची झाली नाही. आणि यांची रजा भरपगारी बरं का, दाणा दोन्ही वेळ चालू आहे.

उजेडाचं मलाही कळलं होतं, अगदीच अडाणी समजू नका. खाद्याच्या दुकानदारानं सांगितलं. म्हटलं, उजेडच हवाय ना, घ्या — खुराड्यात दिवा लावून दिला, रात्रभर चालू. कारखान्यात नाही का रात्रपाळी? तर अंडी राहिली बाजूला, एकमेकींच्या माना टोचायला लागल्या. शेजारीणबाई कुंपणावरून म्हणाल्या, काका, झोपू द्या त्यांना. आता तुम्हीही तेच म्हणणार — म्हणालातच. बरं, काढतो दिवा. झोपा म्हणावं, पाय चेपायला येऊ का तेवढं सांगा.

पण म्हणजे आजार नाहीच? बारीकसासुद्धा? साथीचा नको हो, मरायला नकोय मला ती. पण एखादा असा — की म्हणता येईल, तब्येत जरा नाजूक आहे, घरच्या माणसानं येऊन बघितलेलं बरं. घरचं माणूस म्हणजे मी नव्हे. मी नुसता दाणे टाकतो. कोंबड्या आमच्या हिच्या. नावंबिवं तिनंच ठेवलीत, ही ठकी. माझ्या हाकेला एक येईल तर शपथ.

ती ना — बहिणीकडे गेलीय. हवापालट. आता हवापालटाला जाताना शिवणाचं मशीन कशाला लागतं, असं विचारलं बहिणीच्या नवऱ्यानं, मशीन गाडीत चढवताना. आगाऊ माणूस. भांडणबिंडण काही नाही, डॉक्टर. शेजारी जाऊन बसली होती, किती वेळ बसलीस एवढंच मी विचारलं. रोज विचारतो. फाटकावरचा माणूस घरी आला तरी डोळा घड्याळावरच, त्याला काय करणार. तर म्हणाली, ‘आता माझी कायमची गैरहजेरी लावा.’ आणि दारात वळून म्हणाली, ‘मला उगाच फोन करायचा नाही. कोंबड्यांना काही झालं तरच करा.’ कोंबड्यांना, बरं का. मला काही झालं तर नाही. मी ठणठणीतच राहायचं.

घर खायला उठतं हो. तुम्हाला काय सांगायचं. अंडी बंद झाली तेव्हा इतकं बरं वाटलं मला — आणि पिसं गळायला लागली तेव्हा तर केर काढताना मी शीळ घालत होतो. म्हटलं, झालं एकदाचं काहीतरी. आणि तुम्ही म्हणता रजा. एवढं शिकलात, एक आजार देता येत नाही? मी तिला फोन लावून देतो, तुम्ही नुसतं ‘नाजूक आहे’ म्हणा.

का नाही चालणार? तिला माहीत असेल? एवढी वर्षं कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे — दर हिवाळ्यात? दर हिवाळ्यात बंद होतात? नाही हो. बाकीच्यांच्या होत असतील. आमच्याकडे बारा महिने अंडी. रोज सकाळी माझ्या बशीत उकडलेलं अंडं असायचं, कितीही कडाका पडो, एक दिवस खाडा नाही. उलट थंडीतली चांगली मोठी, पांढरीशुभ्र — या ठकीची तपकिरी असतात, पण थंडीत ती —

हसू नका. पांढरी अंडी दुकानात मिळतात हे मलाही माहिती आहे.

आणायची म्हणजे. गुपचूप आणून उकडायची. दर हिवाळ्यात. का म्हणजे — मी काय बोललो असतो ते तिला ठाऊक होतं म्हणून. काय बोललो असतो ते आत्ता तुम्ही ऐकलंतच की, आल्यापासून तेच तर बोलतोय. आणि मी त्या अंड्यावर मीठ घालताना म्हणायचो — बघ, कोंबड्यासुद्धा नेमानं वागतात.

नको, औषध नको. फोन कुठे ठेवला मी — हा. डॉक्टर, तुम्ही जरा बाहेर उभे राहता? दवाखाना तुमचा आहे, दिसतंय मला. तरी राहा. ठकी असू दे इथेच, तिचं काही नाही. आणि दार ओढून घ्या.

हं — मी बोलतोय. नाही, नाही. कोंबड्यांना काही झालेलं नाही.