अनुमोदनाला दोघं, सूचनेला कुणी नाही

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि गावच्या पिठाच्या गिरणीचे मालक माननीय ईरण्णा आप्पा; व्यासपीठावर एकमेकांशेजारी बसलेले वरच्या आळीचे रणधीरराव आणि खालच्या आळीचे ज्ञानोबा तात्या (पुन्हा एकदा बघून घेतो; होय, शेजारीच बसलेत); सत्कारमूर्ती मुख्याध्यापिका राजेश्वरीबाई; आणि या वर्गात पोरांच्या जागेवर मांडी घालून बसलेल्या बंधुभगिनींनो,

मी तालुक्याचा वार्ताहर. वार्ताहराला भाषणाला उभं करणं धोक्याचं असतं, कारण छापायचं राहून गेलेलं तो बोलून टाकतो. त्यात मी संस्कृत घेऊन शिकलो, म्हणजे वाक्यही लांबणार. संयोजकांनी हे दोन्ही ठाऊक असून मला बोलावलं, याला मी त्यांचं धैर्य म्हणतो.

बाईंची बदली ईटला झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ही शाळा मिटली. ही बातमी दोन ओळींत बसते. ती का मिटली, हे मी लिहून पाठवलं होतं. संपादक म्हणाले, यात घडलं काय? त्यांचं बरोबर होतं. काहीच घडलं नाही. तेच सांगायला उभा आहे.

भूकंपानंतर गाव या नव्या जागेवर आलं, तेव्हा शाळेला जमीन दिली रणधीररावांच्या वडिलांनी. भिंती उभ्या केल्या ज्ञानोबा तात्यांच्या वडिलांनी, खालची आळी सोबत घेऊन, अंगमेहनतीनं. पुढं इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही. मग फाटकावर कमान आली, आणि कमान म्हटली की नाव आलं; कुणाच्या वडिलांचं? जमीन थोर की घाम थोर? खालच्या आळीनं पोरं काढून शेजारच्या माकणीच्या शाळेत घातली, जीप लावली. वरची आळी मागं राहील का? त्यांचीही जीप निघाली. आता दोन्ही जीपा एकाच शाळेच्या दारात थांबतात आणि पोरं तिथं एकाच बाकावर बसतात. हा तोडगा कोणत्या शास्त्रात बसतो, ते मला अजून सापडलेलं नाही.

इथं उरली चांगुणाबाईंची दोन लेकरं, संघप्रिया आणि प्रसेनजित. बौद्ध वस्तीतलं घर. ना वरच्या आळीत, ना खालच्या. मजुरीवर चालतं, जीपचं भाडं कुठून आणणार? वरून कागद आला की जूनपर्यंत पट भरला नाही तर शाळा बंद. बाई दोन्ही आळ्यांत दारोदार फिरल्या, आणि अखेर दोन्ही बाजू बोलणीला बसायला तयार झाल्या.

पण बसायचं कुठं? देऊळ वरच्या आळीत, चावडी खालच्या. म्हणून ईरण्णा आप्पांची गिरणी ठरली; भांडण कितीही असलं तरी दळण दोघांनाही लागतं. कसं बसायचं, यात पहिली बैठक गेली, कारण पाठ टेकायला भिंत एकच मोकळी होती. कुणाचा चहा प्यायचा, यात दुसरी. ज्याचा चहा घेतला त्याचं मीठ खाल्लं, असं दोघांचंही मत. शेवटी सास्तूरच्या स्टँडवरून थर्मास आणायचा ठरला. नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं. दोन्ही बाजूंनी एक कलम आग्रहानं घालायला लावलं: ठराव मांडायचा तो या दोन आळ्यांपैकीच कुणीतरी, बाहेरच्यानं तोंड घालायचं नाही.

तिसऱ्या बैठकीला प्रश्न आला, अध्यक्ष कोण. आमच्या न्यायशास्त्रात वादाचे तीन प्रकार सांगितलेत. सत्यासाठी केला तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि नुसतं दुसऱ्याचं मोडण्यासाठी ती वितंडा. वादाला सुरुवातच होऊ न देण्याचा वाद ही भर या गिरणीत पडली. एकानं सुचवलेला माणूस दुसऱ्याचा व्याही निघे, नाहीतर सोयरा. शेवटी राजेश्वरीबाईंचं नाव निघालं आणि दोघांनीही माना डोलावल्या. मी पेन उघडलं. सूचक कोण, अनुमोदक कोण?

रणधीरराव म्हणाले, "तात्यांनी सुचवावं. मी अनुमोदन देतो."

तात्या म्हणाले, "म्या कशापायी? आदी सुचवलं की लोक म्हणत्याल, तात्याच आले हात जोडीत. त्यांनी सुचवावं, अनुमोदन माझं."

अनुमोदनाला दोघं तयार, सूचनेला कुणी नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "अध्यक्ष कुणीही करा. पोरं कधी येतील तेवढं सांगा."

उत्तर आलं, "बाई, तो विषय पुढं हाय."

जोंधळ्याचा डबा घेऊन चांगुणाबाई दारात उभ्या होत्या. बैठक उठेपर्यंत गिरणी बंद, म्हणून खोळंबलेल्या. त्या म्हणाल्या, "मग म्या सुचवते की. बाईस्नी करा अध्यक्ष."

रणधीरराव हसले. अपमान करायचा म्हणून नव्हे. आपल्याला सवयच तशी. म्हणाले, "चांगुणा, हे दोन आळ्यांतलं हाय. तुझा काय संबंध?"

"माझी लेकरं हायत त्या शाळंत," चांगुणाबाई म्हणाल्या. "तुमची तर कुणाचीच न्हाईत."

यावर काय झालं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कलम वाचून दाखवलं. बाहेरच्याची सूचना ग्राह्य नाही. चांगुणाबाईंनी डबा उचलला आणि न दळताच गेल्या. बैठक पुढं ढकलली. जून आला.

आता आजचं सांगतो. मघाशी ईरण्णा आप्पांचं नाव अध्यक्षपदासाठी रणधीररावांनी सुचवलं, तात्यांनी अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या. इतकं सोपं होतं. गेलेल्याला खांदा द्यायला गाव नेहमीच एक होतं, तसं.

चांगुणाबाई दिसत नाहीत, म्हणून मी चौकशी केली. निमंत्रण गेलं होतं. पण लेकरं आता माकणीला चालत जातात आणि त्यांना आणायला त्या याच वेळी निघतात. दोन्ही जीपवाल्यांनी फुकट न्यायची तयारी दाखवली होती म्हणे. पण दोघांपैकी कुणाच्या जीपमधून न्यायचं, हे अजून ठरायचं आहे.

बाई, ईटला तुम्हाला भरलेला वर्ग मिळो. तिथंही माणसंच आहेत, म्हणून याहून मोठी इच्छा करवत नाही.

संयोजकांनी वेळ दिला आणि आपण ऐकून घेतलं, त्याबद्दल सर्वांचे आभार. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर अध्यक्षांनी आणि दोन्ही आळ्यांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. बाईंकडं मात्र मी क्षमा मागणार नाही. त्या लगेच करून टाकतील, आणि आपल्या सगळ्यांना सुटल्यासारखं वाटेल.