मुलाखतीत न विचारायचा प्रश्न

— नाही नाही, बसा की मॅडम, पंखा तुमच्याकडे फिरवते. तुमच्या तपासणी अहवालासाठी धोरणच बघायचं ना? हे काय, भिंतीवरच लावलंय. स्त्री-पुरुष समानता धोरण, एकोणीस कलमं. शेजारी कन्नडमध्येही आहे, अक्कलकोट भागातल्या आमच्या कार्यकर्त्यांसाठी. ते मी केलं. मराठी तरी कुणी केलं? मीच. सत्तावीस वर्षं झाली मला या संस्थेत — गावोगावी पिण्याच्या पाण्याचं काम, आता कार्यक्रम प्रमुख आहे. पाळणाघराची खोली? आहे की. म्हणजे सध्या आत पाणी तपासायच्या पेट्या ठेवल्यात, पण खोली आहे. लिहा तुम्ही, खोली आहे.

काल टेंभुर्णीला जाऊन आलात म्हणे? मग आमची तिथली कार्यकर्ती शिवानी भेटली असेल. काय म्हणाली? — नाही, सहज विचारलं. तुम्हाला सांगता येत नसेल, कळतं मला. तब्येत बरी दिसली का, एवढं तरी सांगा. सातवा लागला असेल आता. चहा घेणार? नको? मी पण नको म्हणते, सकाळपासून चार झाले.

चौथं कलम वाचलंत? मुलाखतीत लग्न, मूल, घरची जबाबदारी यावर प्रश्न विचारायचा नाही. ते कलम घालायला मी तीन बैठका भांडले. का भांडले? कारण मला विचारलं होतं. माझी सिद्धेश्वरी सहा महिन्यांची होती, आणि तेव्हाचे साहेब म्हणाले, लेकरू कुणावर टाकून फिरणार बाई तुम्ही? मी म्हणाले, आईवर. टाकलंच की! अक्कलकोटला आईकडे ठेवली आणि जीपमधून गावं फिरले. शनिवारी जायचे. पोरगी माझ्या आईला अव्वा, म्हणजे आमच्या कन्नडात आई, म्हणायला लागली आणि मला — नीलम्मा. सगळे हसले, मी पण हसले. आज सत्तावीसची आहे, अजून नीलम्माच म्हणते. असो. हे लिहू नका, हे घरचं झालं.

तर बार्शीची जागा निघाली. विभाग समन्वयक, चाळीस गावं. या जागेवर आजवर बाई बसली नाही. आणि शिवानीसारखी लायक कोण होती? कोणीच नव्हतं. एका गावात पाणी समितीत बायकांच्या नुसत्या सह्या घ्यायचे, तर ही टाकीच्या पायरीवर जाऊन बसली — बायका बोलल्याशिवाय मी उठणार न्हाय म्हणाली. दुपारचं ऊन, सरपंच वैतागला, पण शेवटी बायका बोलल्या. अशी पोरगी. अर्ज मीच भरायला लावला तिला.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी आम्ही दोघी इथंच, सात रस्त्याला, उसाचा रस प्यायला थांबलो. तिनं ग्लास तोंडाशी नेला आणि तसाच बाजूला सरकवला. मी ओळखलं. म्हणाली, "ताई, नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं न्हाय. आता तुमालाच." मी तिच्या डोक्यावरनं हात फिरवला. कुणाला बोलणार नाही म्हणाले.

नाही, बोलले नाही मी. विचारलं फक्त. — थांबा, सांगते. मुलाखत छान झाली. आमचे सचिव शंकरप्पा सर, बाहेरचे एक प्राध्यापक आणि मी. सर फाइल मिटायला लागले होते, खरं सांगते, ठरल्यातच जमा होतं. आणि मी म्हणाले, "शिवानी, पुढचे सहा-सात महिने एवढा प्रवास झेपेल का गं तुला?" बास, एवढंच. तिनं माझ्याकडं बघितलं. सरांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. ती म्हणाली, "झेपंल की, ताई." आवाज एकदम खाली. ती गेल्यावर सर काय म्हणाले माहितेय? "नीलम्माताई, बरं झालं तुम्ही विचारलंत. आम्हाला विचारता आलं नसतं."

जागा अभिमन्यूला मिळाली. पोरगा चांगला आहे, वाईट नाही. शेऱ्यात 'अनुभव अधिक' असं लिहिलंय. अनुभव कमी आहे त्याचा, दोन वर्षांनी. शेरा कुणी लिहिला? अक्षर बघा की, माझंच आहे, तुमच्या समोरच आहे कागद.

काळजीपोटी विचारलं, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. बार्शीचे रस्ते, उन्हाळा, पहिलटकरीण — काळजी वाटणारच ना? पण मग मुलाखतीआधी तिला एकटीला विचारलं असतं. सरांसमोर कशाला? चार महिने झाले, मी हेच विचारतेय स्वतःला. तिला रजा मिळणार होती, जागा राहणार होती, लेकरू जवळ राहणार होतं — सगळं माझ्याच कलमांनी. आणि मला... मला कुणी दिलं होतं यातलं काही? व्हय, हे आलं मनात. तिथं, खुर्चीत बसल्या बसल्या आलं. क्षणभरच. तेवढ्यात तोंडातून प्रश्न निघून गेला.

तिनं सांगितलंच असणार तुम्हाला. सांगू दे, तिचा हक्क आहे. म्हणून तर तुम्ही मघापासून असं गप्प — काय?

काहीच नाही? चौथ्या कलमाचं नाही, मुलाखतीचं नाही?... माझ्यामुळं या कामात टिकले, असं म्हणाली? माझं नाव घेऊन?

पेन का खाली ठेवलंत? मघाशी घरचं म्हणाले ते तेवढं सोडा. बाकीचं लिहा. नाव घालून लिहा — नीलम्मा बिराजदार. शंकरप्पा सर येतील इतक्यात, त्यांच्यासमोर मला पुन्हा जमायचं नाही. लिहा म्हणते ना! आणि झालं की निघा तुम्ही, मॅडम. मला टेंभुर्णीला फोन करायचाय.