चढावर लागणारा दिवा

मी सुमन, मूळची देवासची. आमचे पणजोबा दरबारच्या चाकरीत तिकडून देशावरून आले आणि आम्ही इथलेच होऊन गेलो, घरात मराठी, उंबरा ओलांडला की मालवी, शाळा सगळी हिंदीतली, म्हणून बोलायला मला कितीही सांगा, मराठी वाचायला बसवलं की अडखळते. लग्न होऊन धारला आले. आमचे हे सरकारी दफ्तरात बाबू, आणि बोलके किती, भाजी आणायला गेले की भाजी शिजवायची वेळ टळून जायची पण ह्यांच्या गप्पा संपायच्या नाहीत. आमची ही डिझेल गाडी त्यांनी जुनीच घेतली, मला चालवायला शिकवली मोठ्या हौसेनं, पण शिकवून झाल्यावर किल्ली काही हातात दिली नाही.

मग त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, ह्यांना कळतंय सगळं, शब्द तेवढा बाहेर येत नाही, व्यायामाला इंदूरला आणत राहा. मुलगा पुण्याला. तेव्हा किल्ली माझ्याकडे आली, काय सांगू तुम्हाला, अशी किल्ली कुणाला नको.

पावसाळा संपता संपता तो दिवा लागला. नारिंगी, इंजिनाच्या चित्राचा, समोर मीटरच्या काट्यांच्या मध्ये. लागला की गाडीतला जीवच जायचा, पाय कितीही दाबा, ती आपली बैलगाडीच्या चालीनं. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक. आमच्या गल्लीच्या टोकाला सलीम भिया मिस्त्री आहे, त्यानं स्कॅनर लावला, म्हणाला काकी, टर्बो की हवा कम बता रिया है, सेन्सर होगा. टर्बो म्हणजे इंजिनात जोरानं हवा भरणारा पंखा, हे त्यानंच समजावलं. सेन्सर बदलला. फिल्टर बदलला. बाजारातून एक चक्कर मारून आला, म्हणाला मक्खन चल री है. आणि दुसऱ्याच फेरीला, इंदूरच्या वाटेवर घाटाबिल्लोदच्या पुढे चढ लागला की दिवा हजर. मग इंदूरच्या एका मोठ्या वर्कशॉपात नेली, ते म्हणाले टर्बोच गेलाय, एवढ्या जुन्या गाडीत पैसे कशाला घालता, गाडीच काढून टाका. मुलगा फोनवर तेच, आई, विक, टॅक्सी करत जा. आता टॅक्सीवाला ह्यांना उचलून बसवणार आहे का, आणि ह्यांचे कपडे खराब झाले तर तोंड वाकडं करणार नाही का, हे मी मुलाला कसं सांगू?

त्यात ह्यांचं एक नवीनच सुरू झालं. गाडीत बसलं की वाटेत शूऽऽ, शूऽऽ करायचे. मी लगेच गाडी बाजूला घ्यायची, ह्यांना उतरवायची, धरून उभं करायची. काही होत नसे. मान हलवायचे, नाही, नाही. डाव्या हातानं पुढे दाखवायचे, मला वाटायचं पुढचं झाड दाखवतायत, तिथवर न्यायची. गाडीत बसल्यावर काच खाली करायला बघायचे, मी वर करायची, वारं लागेल म्हणून. शेवटी डॉक्टरांना सांगितलं, ह्यांना सारखी लघवीची भावना होते. त्यांनी गोळी लिहून दिली. ती गोळी मी रोज घालत होते ह्यांच्या तोंडात.

एका दुपारी त्याच चढावर दिवा लागला, मागे ट्रकांची रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि हे शूऽऽ करून ओरडतायत. कशीबशी कडेला घेतली, ह्यांना उतरवलं, नाडी सोडायला गेले तर चांगल्या हातानं मला ढकललं आणि स्वतःच खडीत बसले. आणि रडायला लागले हो. सासूबाई गेल्या तेव्हा मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. ढाब्यावरच्या माणसांनी उचलून गाडीत घातलं. घरी येऊन मी सलीमला म्हटलं, गिऱ्हाईक बघ, विकते, आणि इंदूरही बंद.

तो म्हणाला, काकी, विकायच्या आधी एक बार तुम्ही चलाव, मी मागे बसतो, तुमच्याच हातात बिघडते ना. ह्यांना घरी एकटं कसं ठेवू, म्हणून पुढे बसवलं. मांडूच्या रस्त्याला लागलो. सलीमच्या तोंडात गुटखा, थुंकायला पाहिजे म्हणून त्यानं काचा खाली करायला लावल्या. चढ आला. हे म्हणाले शूऽऽ. माझा पाय ब्रेकवर जायला लागला, तर सलीम मागून ओरडला, काकी, रोको मत, दबा के रखो! डोकं बाहेर काढलं त्यानं. आणि मलाही ऐकू आलं. बॉनेटच्या आतून, बारीक, शिट्टीसारखा, शूऽऽ. मग दिवा लागला.

बॉनेट उघडून त्यानं टर्बोच्या हवेचा रबरी पाइप चाचपला, खालच्या अंगानं चिरला होता. उभ्या गाडीत चीर मिटून जायची, चढावर जोर पडला की उघडायची आणि हवा निसटायची. सलीम हात पुसत म्हणाला, काकी, काका तो कब से बोल रिये थे.

मला वाटलं हे खूश होतील. मी त्यांचा हात धरायला गेले, त्यांनी काढून घेतला. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. रात्री मी घास पुढे केला तेव्हा मात्र खाल्ला.

पाइप बदलला, त्यानंतर दिवा लागला नाही. गोळी डॉक्टरांना सांगून थांबवली. इंदूरच्या फेऱ्या चालू आहेत, पाय थोडा उचलतात, बोलणं नाही ते नाहीच. आणि संक्रांतीपासून त्यांनी आणखी एक धरलंय, ता, ता. मी ताक म्हणून पाहिलं, ताट म्हणून पाहिलं. ताई का, म्हटलं, ह्यांच्या ताई म्हणजे माझ्या वन्सं, वारल्या त्या, तर तोंड फिरवलं. सकाळी चहा झाला की मी समोर स्टूल घेऊन बसते, एकेक शब्द विचारत जाते. रागावत नाहीत आता, थांबतात माझ्यासाठी. देवाला म्हणते, ह्यांना शब्द द्यायचा नसेल तर नको देऊस बाबा, पण मला समजेपर्यंत दोघांनाही ठेव. आज तांब्या म्हणून पाहिलं. मान हलवली. बरं, म्हटलं, उद्या बघू.