वहिनीचं निळं प्लास्टिक

चष्म्याचा विषय निघालाच आहे, तर आमच्या वहिनीचं ऐका गा.

वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या सक्करदऱ्याच्या बुद्धविहारात रोज ग्रंथवाचन असते. पाळीपाळीनं सारे एकेक पान वाचतात. वहिनी मात्र "चष्मा घरी राहिला" म्हणून ग्रंथ पुढं सरकवून देई. एक दिवस घरी पाहतो, तर फाइलचं निळं पारदर्शक प्लास्टिक पेपरवर ठेवून भराभर वाचून राहिली!

"वहिनी, हे काहून?"

"पांढऱ्या कागदावर अक्षरं थरथरतात, भाऊजी. डोळे दुखतात. याच्याखाली गप बसतात."

"मग विहारात काहून नाही नेत?"

"लोक हासतील ना!"

मीच आग्रह केला. दुसऱ्या दिवशी तिनं पानावर प्लास्टिक ठेवलं अन् अख्खं पान वाचलं. हासलं कोणीच नाही. साऱ्यायले वाटलं, आपल्या झेंड्याचा निळा रंग तिनं श्रद्धेनंच आणला.

पुढची पाळी रामटेके काकांची. चार ओळी वाचल्या की त्यायले दरवेळी खोकला येते, अन् ग्रंथ बाजूच्याकडे जाते. वहिनी प्लास्टिक उचलू लागली, तर काकानं त्यावर हात ठेवला.

"राहू दे वं. आपलाच रंग आहे."

त्या दिवशी काकाले खोकला आलाच नाही.