कपाटात पडलेले रिपोर्ट

रिपोर्ट आला की पेशंटला मी स्वतःच फोन करते, त्यावरून तुम्ही मला हसता ना? ऐका मग.

सोलापुरात एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला सरांनी आम्हा प्रत्येकाला सांगितलं होतं, "दवाखान्याच्या कारभारातली एक चूक शोधा आणि ती सुधारून दाखवा." मला सापडलं एक कपाट. गाठींच्या तपासणीचे तयार रिपोर्ट त्यात पडून होते आणि पेशंटना कुणी कळवतच नव्हतं. सरांच्या परवानगीनं मी यादी केली आणि पहिला फोन माढ्याला लावला. एका बाईंनी उचलला.

"मावशी, काकांचा रिपोर्ट आलाय."

"कवा आलाय?"

मी रिपोर्टवरची तारीख बघितली. "दीड महिना झाला."

"आमी दोनदा आलतो की. खिडकीवर म्हनले, आजून न्हाय आला."

"उद्याच काकांना घेऊन या. लगेच उपचार सुरू करू."

"त्यांचं काल दहावं झालं, पोरी."

मी रडायलाच लागले. माफीसुद्धा धड मागता येईना. शेवटी त्याच म्हणाल्या, "आजून किती जनांचे हायेत तितं?"

"सोळा."

"मग माज्यापाशी का रडत बसलीस? त्यास्नी फोन लाव की."