एका हातात कॉलर, दुसऱ्या हातात हँडल

उरणहून पनवेलला येताना खड्ड्यात माझी स्कूटर आडवी झाली. खरी गंमत त्यानंतरची.

पाय स्कूटरखाली अडकलेला. मागच्या ट्रेलरवाल्याने ट्रेलर रस्त्यात आडवा लावला, म्हणजे दुसरं कुणी माझ्या अंगावर यायला नको. तो धावत माझ्याकडे आला आणि जमलेल्या गर्दीने त्यालाच धरलं.

"हे ट्रेलरवाले सगळे असेच! पिऊन चालवतात. मारा साल्याला!"

मी ओरडतेय, "अरे, कुणीतरी स्कूटर उचला रे!" पण 'कुणीतरी' नावाचा माणूस त्या गर्दीत नव्हताच.

आम्ही कोळी. होडी वाळूवर ओढताना माझे बाबा 'सगळे ओढा' असं कधी म्हणत नसत. एकेकाला नावाने हाक मारायचे. नाव घेतलं की माणूस दोराला हात घालतोच. इथे नावं कुठून आणू? मग शर्ट बघूनच हाक मारली.

"ए निळ्या शर्टवाल्या! तूच, त्याची कॉलर धरलेला! त्यानं नाय पाडलं मला, खड्ड्यानं पाडलं. इकडं ये, हँडल धर!"

निळा शर्टवाला लगेच आला, पण ट्रेलरवाल्याला ओढतच. एका हातात कॉलर, दुसऱ्या हातात हँडल. स्कूटर वीतभर उचलली आणि मला विचारतो, "मावशी, मग सोडू का?"

म्हटलं, "त्याला सोड रे बाबा! स्कूटर नको सोडू, पाय अजून खालीच हाय!"