दहा जणांत पाचवी

हॅलो?... हॅलो, कोण?... ओडी! अगं, मोठ्यानं बोल जरा. नर्सबाईंनी आत्ताच गोळी दिलीय, मी निम्मी खिडकीबाहेर तरंगतेय...

नाही गं, गुडघा छान आहे. नवा बसवलाय, कुरकुरणारच. तू कुठून बोलतेयस?... काकाच्या गॅरेजमधून? रंगाच्या डब्यांमागून? आणि अशी कुजबुजतेस का?...

रडतेयस?

फुटबॉलचे खेळाडू निवडायला कितवा नंबर आला?... पाचवा. दहा जणांत पाचवा. बरं, मग?... अगं, टोपीतून चिठ्ठी काढायची म्हटल्यावर कुठली तरी येणारच ना...

हो, हो... अगं ऐक ना... ओडी, ऐक. आत्ता कितव्याची पाळी चाललीय?... पहिल्याचीच? मग खूप वेळ आहे. डोळे मीट. मीटलेस?... आता माझ्याबरोबर बघ. ड्वेन काका अंगणातलं गवत कापतोय. यंत्र ढकलत या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत गेला. पुढे काय करतो?... बरोबर. तिथंच वळतो आणि परत येतो. तुमच्या पाळ्यासुद्धा तशाच. एक ते दहा, मग दहा ते एक. कुंपणापाशी जो उभा असतो, त्याला वळणावर लागोपाठ दोन खेळाडू मिळतात... हो ना, मजा आहे त्याची. पण मग बस वाट बघत, अठरा जणांची निवड होईपर्यंत! आणि मधे उभी असते ना, तिच्यावरून यंत्र जातानाही जातं, येतानाही...

पाय वर घ्यायचे मग, शहाणे!

हसलीस. चला... म्हणजे तुला कधी दहा जणांसाठी थांबायचं, कधी आठ. फार लांब कधीच नाही. आणि दोन्हीकडची माणसं दिसतात मधून. मी बावीस वर्षं बसले त्या टेबलाशी, मला विचार.

काय म्हणाला ड्वेन?... 'पहिल्या दोन निवडींत एक जरी वेडेपणाची झाली, तर यादी मी हातात घेईन'?... म्हणजे वर्षभर संघ तुझा आणि खेळाडू निवडणार तो? माझ्या खुर्चीत बसलेल्या पोरीला असं म्हणाला?... हं... हं. बघू.

तू कोणाला घेणार होतीस?... कोण?... ओडी. पेटवेला? पाचव्या निवडीत?

हो, माहितीय मला, तुझ्याच सायकलवर बसायचा तो. उन्हाळाभर, सरावाच्या मैदानापर्यंत. आणि तू त्याचं हेल्मेट छातीशी धरून शेजारून धावायचीस... हो, गुडघे हनुवटीला लागायचे त्याचे, पाहिलंय मी. पण बाळा, तो कोरा आहे अजून. एकही खरा सामना खेळलेला नाही. आपल्या ग्रीन बेमधे खेळाडू पोरांच्या सायकलींवरून सरावाला जातात, आणि आपल्या सायकलवाल्यालाच निवडायची ही चूक प्रत्येक पोर एकदा तरी करतं. ड्वेनला विचार की. अकरा वर्षांचा होता, आपलं हे टेबल पहिल्यांदा मांडलं त्या वर्षी. आपल्या सायकलवाल्याला पहिल्याच पाळीत घेतलंन्. तो बिचारा मोसमभर बाकावर बसून! ड्वेन शेवटचा आला आणि नाताळपर्यंत कोणाशी बोलला नाही... हो, म्हणून तर एवढा धास्तावलाय तो. दुष्ट नाहीये गं.

चार झाले? मग ऐक, धावणारा घे कोणी तरी. त्याच्या हातात चेंडू दर रविवारी पंधरा-वीस वेळा येतो, काही ना काही मिळतंच... हॅल्वर्सन उरलाय? अजून? घे... वाळूचं घड्याळ उलटं केलं? मग फोन फळीवर ठेव. वाळू पडत असताना फोन कानाला लावायचा नाही. नियम आहे, मीच केलाय. जा!

...तुमच्या खाटेपर्यंत आवाज आला का, व्हर्नाबाई? काही नाही हो, माझी नात आहे. तुम्ही झोपा... नाही हो, खरे खेळाडू कुठे मिळणार आम्हाला! मनातला संघ असतो. दहा जण टेबलाभोवती बसून नावं निवडतात, एक खेळाडू एकालाच. खऱ्या सामन्यात ते जेवढं करतील, तेवढे गुण आपल्याला... वेड कसलं? तुम्ही त्या मालिकेतल्या डॉक्टरसाठी रडता, ते चालतं...

हां, बोल! घेतलास? शाबास. काका काय म्हणाला?... नुसती मान हलवली? म्हणजे खूश आहे.

पेटवेला आता मागाहून घे, अगदी शेवटी. त्याला कोण हात लावणार आहे?... कोण?... आत्याच्या ट्रॅव्हिसला कसं कळलं?... तूच सांगितलंस. बूयाचा रस्सा वाढून घेताना. अगं ओडी... कितवा आहे तो?... सातवा. म्हणजे चौदावी निवड त्याची. तुझी सोळावी. हं.

नाही, आता काही करता येत नाही. वाट बघायची. मी आहे ना फोनवर. काका ओरडेल तेव्हा जा... इथून खाडी दिसतेय गं. पेलिकन वर चढताहेत, पांढरे, मोठ्ठे. पंखसुद्धा हलवत नाहीत. एक वळला की त्याच्यामागून सगळे वळतात... आणि वळताना अगदी दिसेनासे होतात, मग पुन्हा पांढरे... मधला कुठला ते... सांगता येत नाही... मधला...

...

हॅलो? हो हो, आहे मी! जरा डोळा लागला. कितवी चाललीय?... चौदा झाल्या? मग?...

घेतलंन्? पेटवेला? दुसऱ्या पाळीत?

अरे देवा. चिडवायला म्हणून घेतलंन् ना... हो बाळा. हो... रड थोडं. डब्यांमागे आहेस, कोणाला दिसत नाही... नाही, असं परत देता येत नाही. माझ्यासाठीसुद्धा नाही.

झाली पंधरावी? ओडी, ऐक, फळ्यावर बघ आधी, कोण उरलंय? मी सांगते कोणाला... वाळू सुरू झाली? अगं पण मी... बरं. बरं, ठेव. ठेव फळीवर.

...अहो, ट्रॅव्हिसनं तिचा सायकलवाला पळवला. मुद्दाम! पंधरा वर्षांचा घोडा झालाय... शू, थांबा, ऐकू येतंय. ड्वेन बोलतोय... 'फेकणारा घे, ओडेट, फेकणारा.' कशाला ओरडतोस, तिला घेऊ दे ना...  अर्धी वाळू गेली असेल. बोल गं, बोल काहीतरी...

बोलली! काय म्हणाली? ऑझमेंट? तो झेलणारा? तो कसा काय उरला होता अजून?... कोणी हसत नाहीये... चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. लावला! फळ्यावर लावला!

हॅलो? ओडी! ऐकलं मी, सगळं ऐकलं. कसं सुचलं गं?... हो... हो, बरोबर, ट्रॅव्हिसनं पेटवेच्या नादात त्याला सोडला. आणि पुढच्या चौथ्याकडे अजून एकही झेलणारा नाही, त्यानं लगेच नेला असता. इकडून तिकडून बघितलंस तू... नाही, मी नव्हते सांगणार ऑझमेंट. मी दुसरा धावणारा घ्यायला लावला असता. बरं झालं फोन फळीवर होता.

आणि यादी?... तुझ्याच हातात? काका काही बोलला नाही?... पेन्सिल दिली टोक करून? मग झालं तर!

आता कुठे निघालीस? तुझी पाळी यायला आठ जण आहेत... ट्रॅव्हिसकडे? भांडू नकोस हं... मग कशाला?... काय घसरतो?... 'ओल्या गवतावर पेटवे घसरतो, पाऊस असेल तेव्हा त्याला खेळवू नको.' हे ट्रॅव्हिसला सांगणार? अगं वेडे, तो तुझ्याविरुद्ध खेळणार आहे! जपून ठेव हे, तुझ्या कामाला येईल... हं... हं... त्याला पेटवेबद्दल काहीच माहीत नाही म्हणून?

ओडी? अगं ऐक तरी... ओडी?

फोन तसाच टाकून गेली हो... थांबा, येतंय ऐकू. 'सरक ना,' म्हणतेय त्याला... खुर्ची ओढली. बसली हो व्हर्नाबाई, त्याच्याशेजारी बसली. सांगतेय.